रेषेखालचे ठिपके

कबुतरं मला आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला पक्षीमित्र समजायला नको. पेणकरपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये बाथरूमच्या खिडकीत त्यांनी जे काही करून ठेवलेलं असायचं, ते शाळेत असल्यापासून मीच खरवडून काढत आलेय. तरीही एम.एस्सी.चं अख्खं शेवटचं वर्ष मी गच्चीवर कबुतरांच्या पिल्लांची वजनं करण्यात घालवलं. आणि त्या वर्षाचा राग अजून उतरलेला नाही.

विषय संख्याशास्त्राचा. प्रोजेक्टला वर्गातल्या सगळ्यांनी इंटरनेटवरून तयार आकडे उतरवून घेतले. कुणी शेअर बाजार घेतला, कुणी पाऊस. मला ते जमेना, कारण मी वाढले मंडळात. मंडळ म्हणजे विहाराच्या मागच्या खोलीत जमणारी आम्ही मोजकी पोरंपोरी. टँकरचं पाणी, अडकलेल्या स्कॉलरशिपा, नुसतं नावाला उघडं असलेलं आरोग्य केंद्र, असल्या गोष्टींवर पत्रकं काढायची आणि स्टेशनबाहेर वाटायची, हे आमचं काम. तिथला पहिला नियम असा, की जे छापायचं ते आधी स्वतः जाऊन बघायचं. ऐकीव माहिती छापली की लोक पत्रकात वडापाव गुंडाळतात.

माझ्या गाईड सरांना हे मी जरा तावातावानं सांगितलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "छान. मग मोज काहीतरी. वाढ मोज. जीव वाढतो कसा, त्याचं सूत्र बसव. पण लवकर वाढणारं काहीतरी घे बाई, मला रिटायर व्हायचंय."

लवकर वाढणारं माझ्या डोक्यावरच होतं. आमच्या गच्चीवर चौथ्या मजल्यावरच्या काकांची ढाबळ होती. फळ्या आणि जाळी ठोकून उभं केलेलं कबुतरांचं घर, आत माठांचे तुकडे आणि लाकडी खोकी. काका कोकणातले, आमच्यातलेच. आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले. कबुतराचं पिल्लू इतकं झपाट्यानं वाढतं, की ते मला सूत्रासाठी घडवलंय असंच वाटलं. अंड्यातून निघतं तेव्हा तळहातावर मावेल एवढं, पिवळ्या केसांचं, आंधळं. आईबाप दोघंही आपल्या गळ्यातल्या पिशवीत तयार झालेलं दुधासारखं काहीतरी त्याच्या चोचीत ओततात आणि महिन्याच्या आत ते वजनाला आईबापाएवढं होतं. माणसाच्या पोराला वीस वर्षं लागतात.

काका म्हणाले, "वजन कर की. पन माझ्या पोरांना उपाशी ठेवायचं नाय."

भांडण पहिल्या दिवसापासून तिथेच होतं. पिल्लाच्या गळ्याशी दाण्यांची पिशवी असते, तिला काका पोटा म्हणायचे. ती भरलेली असताना वजन केलं, तर ते पिल्लाचं वजन होत नाही, पिल्लू अधिक बाजरी असं होतं. म्हणून उजाडताच, आईबापांनी भरवायच्या आत, मला वर जायला हवं. मी धापा टाकत पोचायचे, तर काका आधीच दार उघडून दाणे टाकून मोकळे.

"काका, थांबायचं ठरलं होतं ना!"

"अगो, भुकेला टाईमटेबल नसतं. तू जरा वजा कर ना काय ते. एवढं गणित शिकतेस."

"किती वजा करू? बाजरी मोजून घातलीत का तुम्ही?"

"मूठभर."

"कुणाची मूठ?"

"माझी. तुझी कशी असंल? तुझी तर नुसती वळलेली असते."

वजनाला आईचा स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा, त्यावर प्लास्टिकचा डबा, डब्यात पिल्लू. पिल्लू गप्प बसत नाही, त्यामुळे आकडा नाचत राहतो. तो क्षणभर स्थिर होईपर्यंत श्वास धरून बसायचं. तोंडाला मास्क, हातात मोजे, आणि खाली गेल्यावर आईचं रोजचं एकच वाक्य: "त्या काट्यावर आता मी बेसन मोजू होय?" शेवटी आईनं दुसरा काटा आणला आणि पहिल्यावर खडूनं लिहिलं, 'कबूतर'.

मंडळातल्या पोरांनीही सोडलं नाही. "पुढच्या मोर्चात घोषणा काय मग? दाणा आमच्या हक्काचा?" मी त्यांना हसत शिव्या घातल्या. पण काम धरलं की धरलं.

आता सूत्राचं थोडं सांगायलाच हवं, नाहीतर पुढचा माझा संताप कळायचा नाही. वाढीची नेहमीची सूत्रं असतात, त्यांची रेषा काढली तर ती एखाद्या टेकडीची एक बाजू दिसावी तशी दिसते. सुरुवातीला हळू, मग चढ उभा, मग वरती सपाट पठार. पठार कुठे लागणार हे एका आकड्यावर ठरतं, त्याला कमाल वजन म्हणायचं. रेषा त्या वजनाच्या जवळ जवळ जात राहते, पण ते ओलांडत नाही आणि मागेही फिरत नाही. सूत्राची घडणच तशी. त्याला खाली यायला शिकवलेलंच नाही.

हिवाळ्यातल्या पिल्लांची वजनं मी ती उडेपर्यंत केली आणि कागदावर ठिपके मांडले. पहिले तीन आठवडे ठिपके रेषेला असे चिकटले, की मी सरांना रात्रीच फोटो पाठवला. पण चौथ्या आठवड्यानंतर ठिपके पठारावर राहीनात. पिल्लं आईबापांपेक्षाही थोडी जड झाली आणि मग वजन उतरायला लागलं. सगळ्यांचं. मला वाटलं काटा बिघडला. आईची साखरेची न फोडलेली पिशवी ठेवून बघितली, काटा ठीक होता. मग ढाबळीत बसून बघितलं, तेव्हा उलगडा झाला. त्या दिवसांत आईबाप भरवणं कमी करतात, पिल्लू मागे लागलं की चोच मारून हाकलतात. पिल्लू पंख फडफडवून दमतं, अंगावरचं बाळसं झडतं आणि चिडून एक दिवस स्वतः दाणा उचलतं. वजन उतरणं ही चूक नव्हती. पिल्लू हाताशी आल्याची ती खूण होती.

सर म्हणाले, "शेवटचे ठिपके काढून टाक."

"का सर?"

"फिट बिघडतंय, रेषा ठिपक्यांवर बसत नाही. हाताळल्यामुळे घाबरून वजन कमी झालं असेल. नाहीतर मोजमापाची चूक."

"सगळ्या पिल्लांची एकाच वेळी चूक?"

"मग खाली येणारं सूत्र बसव. बसवता येतं. पण तुझ्याकडे पिल्लं मूठभर आणि त्या सूत्रात ठरवायचे आकडे पाच. तेवढ्या आकड्यांत मी तुला कुठलीही रेषा काढून देईन. त्याला मॉडेल म्हणत नाहीत, चित्रकला म्हणतात."

राग याचा, की ते चुकीचं बोलत नव्हते. पिल्लं कमीच होती. पण ठिपके काढून टाकायचे? आरोग्य केंद्रात डॉक्टर नाही असं आम्ही बघून लिहिलं, तर त्यांच्या तक्त्यात डॉक्टर 'हजर' असायचाच. तक्त्याशी जुळत नाही म्हणून आम्ही बघितलेलं खोडायचं? मी ठिपके ठेवले. रेषा पठारावर, ठिपके तिच्याखाली, असाच आलेख छापला. सर म्हणाले, "हट्टी आहेस, भोगशील." भोगलं, पण भलत्याच ठिकाणी.

उन्हाळ्याच्या तोंडावर बिल्डिंगच्या रिडेव्हलपमेंटचं नक्की झालं. सगळ्यांनी भाड्याच्या जागा शोधल्या. आम्हाला नवघरला मिळाली, काकांना हाटकेशला, वरच्या मजल्यावर, लोखंडी ग्रिलची लहानशी बाल्कनी असलेली. काका खूश होते. ग्रिलमध्ये खोकी बसवायची, थोडी पाखरं न्यायची.

पण कबुतरं पोत्यात भरून नेता येत नाहीत, म्हणजे नेता येतात, पण ती राहत नाहीत. हे मला काकांनी पहिल्या आठवड्यातच सांगितलं होतं. कबूतर ज्या जागेवरून पहिल्यांदा उघड्यावर येऊन चौफेर बघतं, ती त्याची जागा. मग त्याला वसईला द्या नाहीतर कल्याणला, सोडलं की परत इथेच. काकांनी एकदा एक जोडी साडूला दिली होती. साडूचा 'पोचलो' असा फोन यायच्या आधी जोडी गच्चीवर. म्हणजे जुनी सगळी पाखरं काकांच्या हातून गेल्यात जमा होती. आमची हिवाळ्यातली पिल्लंही गेली, कारण ती इथूनच उडाली होती. हाटकेशला नेण्याजोगी उरली ती जुन्या पांढऱ्या शेपटीच्या जोडीनं नुकतीच काढलेली दोन पिल्लं. एक थोरलं, एक धाकटं. कबुतरीण दोन अंडी घालते, त्यातलं दुसरं मागाहून फुटतं, त्यामुळे धाकटं नेहमीच मागे.

ही दोन पिल्लं नेमक्या वेळी हलवायची होती. फार लवकर नेली तर आईबाप मागे राहणार आणि पिल्लांना अजून खाता येणार नाही. उशीर झाला तर ती ढाबळीबाहेर येऊन आकाश बघणार आणि या गच्चीची होणार. स्वतः दाणा उचलायला लागणं आणि पहिल्यांदा बाहेर पडणं, यांच्या मधे थोडेसेच दिवस. ते दिवस कधी येणार? वजन उतरायला लागलं की. म्हणजे सरांनी काढून टाक म्हटलेले ठिपके. वर्षभरात पहिल्यांदाच माझ्या आलेखाचा कुणाला तरी उपयोग होणार होता.

काकांना मी कागद दाखवला. त्यांनी तो उलटा धरला, मग सुलटा. "म्हंजे कधी न्यायची?"

"अजून दोन आठवडे तरी नको."

"दोन आठवडे नाय देत ती लोकं. सेक्रेटरी बोलला, येत्या रविवारी गच्ची खाली."

सेक्रेटरी म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे इंजिनीयर, गिरगावातली जागा विकून इकडे आलेले. माणूस वाईट नाही. पण बिल्डरच्या लोकांना टाक्या आणि पत्रे आधी उतरवायचे होते, आणि सेक्रेटरींना तारीख पाळण्याचा रोग होता. त्यात कबुतरांवरून शहरभर वातावरण तापलेलं. आमच्याच मजल्यावर एका मुलीला दमा, तिची आई विष्ठेकडे बोट दाखवायची ते काही खोटं नव्हतं. ढाबळ हलवायला माझी हरकत कधीच नव्हती. मुद्दा एकच होता, कधी.

शनिवारी संध्याकाळी खाली पार्किंगमध्ये मीटिंग झाली. प्लास्टिकच्या खुर्च्या, मधे टेबल, टेबलावर चाव्यांचा डबा. आईच्या वतीनं मी बसले. काकांना चल म्हटलं तर म्हणाले, "मी आलो तर आवाज चढंल. तू जा, तुला बोलायची सवय हाय." विषय आला तेव्हा मी आलेखाच्या प्रती वाटल्या आणि उभी राहून सांगितलं. सोपं करून सांगितलं, पत्रकात लिहावं तसं. पिल्लं अजून खायला शिकली नाहीत. आत्ता हलवली तर जगवणं कठीण. दोन आठवडे द्या, ढाबळ आम्ही स्वतः उतरवून देतो, गच्चीही धुऊन देतो.

सेक्रेटरींनी कागद नीट बघितला. इंजिनीयर ना, आलेख वाचता येतो. तिथेच घात झाला.

"ही रेषा तुझीच?"

"हो."

"ही सपाट कधी होते? चौथ्या आठवड्यात. आत्ता पिल्लं कितव्यात आहेत?"

"चौथ्याच्या सुरुवातीला, पण..."

"म्हणजे वाढ पूर्ण. तुझंच गणित सांगतंय." आणि सगळ्यांकडे वळून हिंदीत, "देखिए, इनका ग्राफ ही बोल रहा है, बच्चे फुल साइज हो गए."

"साहेब, वजन पूर्ण झालंय, पिल्लू नाही. रेषेखालचे ठिपके बघा ना. वजन खाली येतं, तेव्हा ते खायला शिकतं. ते अजून व्हायचंय."

"मग रेषा खाली का येत नाही?"

"सूत्रच तसं आहे. ते खाली येऊ शकत नाही."

"म्हणजे सूत्र चुकीचं?"

"चुकीचं नाही, अपुरं आहे."

"मग बरोबर सूत्र घेऊन ये की."

"आणते, दोन आठवडे द्या."

लोक हसले. मीही बोलायच्या भरात बोलून गेले होते. समोरच्या विंगमधल्या गुजराती बेन मायेनं म्हणाल्या, "बेटा, अपना बच्चा भी फुल साइज होके खाना मम्मी के हाथ का ही माँगता है. इसका क्या टेन्शन?" पुन्हा हशा. खरं तर बेन माझाच मुद्दा मांडत होत्या, पण हशात ते कुणाला कळणार? सेक्रेटरी म्हणाले, "ठिपके इकडेतिकडे पडतातच. आम्हीही शिकलोय. रेषा बघायची असते." हात वर झाले. रविवार पक्का.

मी स्टेशनबाहेर पोलिसांशी हुज्जत घातलेली मुलगी. पण त्या दिवशी खुर्चीत बसले ती बसलेच. विरोधकाकडे खोटी माहिती असली तर भांडता येतं. इथे माझीच रेषा माझ्या विरोधात साक्ष देत होती आणि तिची उलटतपासणी कशी घ्यायची ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आणि मी टोपली घेऊन वर पोचलो, तोवर टाक्यावाले आलेले होते. त्यांचा काय दोष, त्यांना सांगितलं होतं पत्रे आणि जाळी काढा. एकानं कटरनं जाळी उभी कापली होती. मोठी पाखरं भर्रकन उडाली. धाकटं खोक्याच्या कोपऱ्यात अंग चोरून बसलेलं. थोरलं खोक्यात नव्हतं.

"अगो, ते बघ," काका म्हणाले.

थोरलं धडपडत बाहेर आलं होतं. टाकीच्या झाकणावर चढून बसलं होतं. पंख अर्धे उघडे, उडायला येत नव्हतं, पण मान चारी बाजूंना फिरत होती. खाडीकडे, हायवेकडे, नव्या टॉवरांकडे. काका चवड्यांवर पुढे सरकले आणि दोन्ही हातांनी त्याला अलगद उचललं. बिचाऱ्यानं काही विरोध केला नाही. काकांनी त्याचं डोकं तळव्यानं झाकलं, जसं काही बघितलेलं परत घेता येतं.

"बघितलंन त्यानं," ते एवढंच म्हणाले. मग टाक्यावाल्यांना चहा सांगायला खाली गेले. मला तेव्हा त्यांचाही राग आला. माणसानं ओरडावं की नाही?

काकांची हाटकेशची खोली अजून ताब्यात यायची होती, म्हणून पिल्लं आमच्या घरी, बांधाबांधीच्या खोक्यांमधे. खायला येत नव्हतंच. समोर बाजरी टाकली तर तिच्यावर उभी राहायची. काकांनी दाखवलं तसं हरभरे भिजवायचे, पिल्लू टॉवेलात गुंडाळायचं, चोच दोन बोटांनी उघडायची आणि एकेक दाणा आत सरकवायचा. माझ्या हातून दाणे जमिनीवर, पिल्लू सोफ्याखाली. काका वैतागायचे, "अगो, पत्रक वाटतेस काय? घ्या घ्या करून? जिभेच्या मागं टाक." शेवटी आई पुढे झाली. महिनाभर ज्या काट्यावरून ती माझ्याशी भांडली होती, त्याच्या शेजारी बसून तिनं दोघांना मांडीवर घेऊन भरवलं. भरवताना पुटपुटत होती, "मरा मेल्यांनो, गिळा. माझी भांडी बांधायची राहिलीत."

मी वजनं चालूच ठेवली. आकडे उतरत होते. आणि त्या दिवसांतला सगळ्यात मोठा मनस्ताप हाच. उतरताहेत ते का? हिवाळ्यातल्या पिल्लांचे उतरले तसे, वयानं? का आम्ही नीट भरवत नाही म्हणून, भुकेनं? उतार हिवाळ्यापेक्षा तीव्र होता. पण धाकटं मुळात मागे, थोरलं घाबरलेलं, आईबाप नाहीत. कुठली गोष्ट कशामुळे, ते वेगळं काढायला काही जागाच उरली नव्हती. ज्या उतारासाठी मी वर्षभर भांडले, तो डोळ्यांसमोर होत होता आणि मला तो वाचता येत नव्हता. सरांना फोन केला. ते म्हणाले, "ही दोन पिल्लं आता तुझ्या नमुन्यात धरता येणार नाहीत. परिस्थितीच बदलली. वगळ." या वेळी मी वाद घातला नाही. वगळायला हवीतच. गणितातून वगळता येतात. सोफ्याखालून कशी वगळणार?

मग एका दुपारी धाकट्यानं आईच्या ताटाकडेला सांडलेला भाताचा दाणा उचलला, टाकला, परत उचलला. आई म्हणाली, "हे बघ, तुझं मागासलेलं." थोरलं दोन दिवसांनी शिकलं. वजनात पुढे असलेलं खाण्यात मागे राहिलं, त्याचंही कारण मला सांगता येत नाही.

काकांना खोली मिळाली तशी दोघांना हाटकेशला पोचवली. बाल्कनीच्या ग्रिलला काकांनी आतून जाळी लावली होती. काही दिवस पाखरांना तिथूनच बाहेरचं बघू द्यायचं, म्हणजे ती जागा डोळ्यांत बसते, अशी रीत. समोर गाळ्यांचे पत्रे, त्यातल्या यंत्रांची घरघर, पलीकडे कुणाचे तरी वाळत घातलेले कपडे. काका रोज ठरलेल्या वेळी डबा वाजवून दाणे टाकत. मी मधून मधून जायचे. आलेखात धरायचं नसलं तरी काटा बरोबर न्यायचे. सवय.

ज्या दिवशी जाळी उघडायची ठरवली त्या दिवशी काकांनी मला मुद्दाम बोलावलं. दोघांना सकाळपासून थोडं उपाशी ठेवलं होतं, भुकेलं पाखरू डब्याच्या आवाजाला परततं म्हणून.

"आता कसं चालतं उपाशी ठेवलेलं?" मी विचारलं.

"गप बस," ते म्हणाले.

धाकटं आधी बाहेर आलं. ग्रिलवर बसलं, खाली समोरच्या पत्र्यावर उतरलं, तिथल्या घरघरीला दचकलं आणि सरळ परत आत आलं, काकांच्या पायाशी. काकांनी डबा वाजवला. मग थोरलं. ते ग्रिलवर बराच वेळ बसलं. मला वाटलं, बसतंय, राहतंय. मग उठलं. गाळ्यांच्या वर एक फेरी, जरा उंच दुसरी. काका डबा वाजवत होते, "आ, आ, आ," आवाज चढत होता. मीटिंगला चढेल म्हणत होते तेवढा. तिसऱ्या फेरीनंतर थोरलं सरळ रेषेत निघालं, पेणकरपाड्याच्या दिशेनं. डब्याचा आवाज चालूच होता. मी काकांच्या हातातून डबा काढून घेतला, तेव्हा थांबला.

धाकटं दाणे खात होतं.

"एकट्याचं काय करू मी?" काका म्हणाले. "जोडी लागते ना."



प्रोजेक्ट मी दिलं. पठाराची रेषा ठेवली, हिवाळ्याच्या पिल्लांचे उतरणारे ठिपके ठेवले, आणि एक परिच्छेद लिहिला, की हे सूत्र वजन सांगतं, पिल्लू हाताशी आलं की नाही ते सांगत नाही, कृपया त्यावरून कुणाला हलवू नये. सरांनी 'कृपया'पासून पुढचं खोडलं आणि सही केली. तोंडी परीक्षेला मी सगळी उत्तरं पाठ करून गेले होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पानं उलटली, विषय वेगळा आहे म्हणाले, आणि शेअर बाजारवाल्याला आत बोलावलं. ठिपक्यांवर एकही प्रश्न नाही. नापास केलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

आता मी मंडळाच्या कामाला नवघरहून पेणकरपाड्याला जाते तेव्हा जुन्या बिल्डिंगवरूनच जावं लागतं. बिल्डिंगभोवती हिरवं कापड आणि पत्र्याचं कुंपण आहे. वरचे मजले गेलेत. उरलेल्या खांबांवर, सळ्यांवर कबुतरं बसलेली असतात. दाणा कुणी टाकत नाही, तरी बसतात. टाकी होती ती जागा आता नुसती हवा आहे, तिथे मधूनच एखादं घिरट्या घालतं आणि बसायला काही नाही म्हणून खाली येतं.

परवा तिथे उभी असतानाच काकांचा फोन आला. त्यांच्या नव्या सोसायटीच्या ग्रुपवर बाल्कनीत पक्षी पाळण्याबद्दल सूचना आलीय, तू काहीतरी लिहून दे म्हणाले. मी म्हटलं, देते. मग त्यांनी विचारलं, "तिकडं हायस ना? थोरलं दिसतंय काय बघ."

मी बघितलं. सळ्यांवर पाच-सहा होती. दोघा-तिघांच्या शेपट्या पांढऱ्या, थोरल्याच्या आईबापांसारख्या. एक त्यातल्या त्यात भरलेलं वाटलं, पण उन्हात पिसं फुगवून बसलं की सगळीच भरलेली वाटतात.

"काका, इथून सगळी सारखीच दिसतायत."

"नीट बघ ना जरा," ते चिडून म्हणाले. "वर्षभर हातात घेऊन मोजत होतीस त्याच्या भावंडांना."

मी फोन कानाला लावून कुंपणाच्या पत्र्याजवळ गेले. वॉचमननं हटकलं, "मॅडम, क्या चाहिए?" मी त्याला हातानंच थांबा म्हटलं. फोनवर काका विचारतच होते, "दिसलं काय? अगो, दिसलं काय?"